एका पोत्यावर किती जणांचे नाव?

साखर कारखान्याच्या गोदामात पन्नास किलोचे पोते थप्पीला लागते, तेव्हाच त्याच्यावर चार-पाच जणांचा हक्क बसलेला असतो. ऊस घातलेल्या शेतकऱ्याला चौदा दिवसांत पैसे हवेत. तोडणी-वाहतुकीचे पंधरवड्याचे बिल त्याच पोत्यातून भागवायचे असते. बँकेने त्यावर मालतारण कर्ज दिलेले असते, त्यामुळे पोते कारखान्याच्या आवारात असले तरी बँकेच्या परवानगीशिवाय हलत नाही. कामगारांचा पगार आणि भविष्यनिर्वाह निधी याच पोत्यातून निघायचा असतो. आणि ते विकायचे कधी, हे केंद्र सरकार महिन्याचा विक्री कोटा देऊन ठरवते.

‘सर्व घटकांना न्याय देऊ’ असे प्रत्येक अध्यक्ष सांगतो, आणि बहुतेकांना ते मनापासून वाटतही असते. तरी दर दोन-तीन हंगामांनी कुठे ना कुठे शेतकरी थकीत बिलासाठी साखर संकुलाच्या, म्हणजे पुण्यातल्या साखर आयुक्तालयाच्या, दारात बसतात, कामगारांचे पाच-सहा पगार तुंबतात आणि ऊसतोड मजूर अंगावर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचे कर्ज, घेऊन गावी परततात. पैसा कमी पडला हे त्याचे एक कारण असते. पण मोठे कारण हे, की एकच रुपया दोघा-तिघांना कबूल केलेला असतो. कुणाला किती द्यायचे यावर कारखान्यात रणे माजतात. कुणाला कधी द्यायचे आणि तुटवडा आला तर कुणाचे थांबवायचे, यावर मात्र कुणी बोलत नाही. हे बॉयलर पेटण्याआधी कागदावर ठरले नाही, तर मार्च महिन्यात ते आपोआप ठरते, आणि ज्याला मत नाही त्याच्या अंगावर येते. सहकारी साखर कारखान्याचे नेतृत्व याच एका गोष्टीवरून जोखायला हवे, असे माझे मत आहे.

आधी टनाचा हिशेब पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा बंधनकारक किमान दर, ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. ज्या कारखान्याचा उतारा ११.२५ टक्के आहे, त्याची एफआरपी टनाला ३,८९६ रुपये होते. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक शेतकऱ्याच्याच बिलातून कापली जाते. ती टनाला ९०० रुपये धरली, तर शेतकऱ्याच्या खात्यात २,९९६ रुपये जमा होतात. कारखान्याच्या दृष्टीने मात्र ३,८९६ हा पूर्ण आकडा रोख देणे असतो, कारण कापलेले ९०० रुपये तोडणीवाल्यांना आणि वाहनमालकांना द्यायचेच असतात.

या टनातून साखर निघते ११२.५ किलो. क्विंटलला ३,८०० रुपये दर मिळाला, तर ४,२७५ रुपये. म्हणजे साखरेतून उसाचे पैसे वजा जाता उरतात ३७९ रुपये. शिवाय साधारण ४० किलो मळी, २८० किलोच्या आसपास बगॅस (चिपाड) आणि थोडा प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ). बगॅसमधला बराचसा कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जळतो. पगार, रसायने, पोती, दुरुस्ती, व्याज आणि घसारा हे सगळे त्या ३७९ रुपयांत अधिक उपपदार्थांत बसवायचे. बसते, पण काठावर. उतारा ०.१ टक्क्याने हलला तरी एफआरपी टनाला ३४ रुपये ६० पैशांनी हलते. साडेचार लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात तो फरक दीड कोटीच्या वर जातो.

खरी अडचण याच्या पुढे आहे. ४,२७५ रुपये हा आकडा वर्षभरात हाती येणारा आहे, आणि ऊस दर (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे आहेत. चुकले तर वर्षाला १५ टक्के व्याज. मधली दरी मालतारण कर्जाने भरली जाते. समजा, बँकेने साखरेचे मूल्यांकन क्विंटलला ३,६०० रुपये धरले आणि त्याच्या ८५ टक्के उचल दिली. झाले ३,०६०. त्यातून बँक आपल्या जुन्या कर्जाचे हप्ते आणि प्रक्रियाखर्च यांसाठी क्विंटलमागे ठरावीक रक्कम आधीच बाजूला काढते, याला टॅगिंग म्हणतात. ते ७५० रुपये धरले, तर उसासाठी राहतात २,३१०. टनाला ११२.५ किलो साखर, म्हणून टनामागे हाती आले सुमारे २,६०० रुपये. द्यायचे आहेत ३,८९६. टनामागे जवळपास १,३०० रुपयांची तूट, आणि कारखाना रोज ५,००० टन गाळत असेल तर दिवसाला ६५ लाख.

ही तूट इथेनॉलच्या पैशांतून, सहवीजनिर्मितीच्या बिलातून आणि साखरविक्रीतून भरायची असते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून साधारण तीन आठवड्यांत येतात, म्हणून डिस्टिलरी असलेले कारखाने तगतात. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांच्याकडे डिसेंबर संपताना देणी साचू लागतात. आणि मग सुरू होते ती तडजोड, जिच्याबद्दल सर्वसाधारण सभेत कुणी विचारत नाही. पगार पुढच्या महिन्यावर जातो. कामगाराच्या पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी भरला जात नाही. दुरुस्तीच्या पुरवठादाराचे बिल वर्षभर पडून राहते. वाहनमालकाचे कमिशन आणि अनामत अडकते.

एकाच पोत्यावर दोघांचे नाव असेल तर आधी कुणाचे, यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे आहेत आणि प्रत्येक संचालकाला ते माहीत असायला हवेत. कर्नाटकातल्या सिरुगुप्पा शुगर्सच्या प्रकरणात २००७ साली न्यायालयाने ठरवले, की गहाण ठेवलेल्या साखरेवर पहिला हक्क गहाण घेणाऱ्या बँकेचा. ऊस आयुक्तांनी शेतकऱ्यांसाठी काढलेली वसुली आणि कामगारांची देणी त्यानंतर. पुढे २००९ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी, तिच्यावरचे व्याज आणि दंड धरून, बँकेकडे गहाण असलेल्या साखरेच्याही आधी वसूल होईल. दोन्ही एकत्र वाचले की क्रम स्पष्ट होतो. भविष्यनिर्वाह निधी, मग बँक, मग ऊस उत्पादक. शेतकरी कारखान्याचा मालक आहे, पण त्याच्याच साखरेवर तो तिसरा आहे. थकीत एफआरपीसाठी साखर आयुक्त महसुली वसुलीचे प्रमाणपत्र काढतात, बातमी होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती गहाण नसलेले फारसे काही लागत नाही, ते यामुळेच. पोते गहाण पडल्यावर भांडून काही उरत नाही. भांडायचे ते मालतारणाच्या अटी ठरताना.

तिथे करण्यासारखे एक ठोस काम आहे. टॅगिंग वर्षभर एकसारखे असू नये. डिसेंबर ते मार्च या काळात, म्हणजे रोजची ६५ लाखांची तूट असताना, क्विंटलमागे कमी कापावे आणि एप्रिलनंतर गहाण साखर सुटत जाईल तसे जास्त कापावे. बँक सहजी मान्य करणार नाही, कारण हंगामाअखेर साखरेचा दर पडला तर धोका तिचा. म्हणून बदल्यात इथेनॉलच्या पैशांवर बँक, तेल कंपनी आणि कारखाना यांचा त्रिपक्षीय करार करून द्यावा, म्हणजे ती रक्कम परस्पर बँकेच्या खात्यात येईल. बँकेला तिचे हक्काचे मिळते, फक्त शेतकऱ्याच्या चौदा दिवसांवर ते कुरघोडी करत नाही. हे जुलै-ऑगस्टमध्ये, कर्जमंजुरीच्या आधी करायचे. जानेवारीत बँकेच्या दारात जाऊन उपयोग नाही.

उलट आपल्याकडे घडते काय? शेजारचा कारखाना पहिली उचल, म्हणजे उसाच्या दराचा पहिला हप्ता, जाहीर करतो, की आपणही तेवढीच किंवा पन्नास रुपये जास्त जाहीर करायची. ऊस पळून जाईल ही भीती खरी आहे, विशेषतः जिथे पंचवीस-तीस किलोमीटरच्या परिघात तीन-चार कारखाने आहेत. पण उताऱ्यात आणि कर्जात फरक असलेले दोन कारखाने एकच दर देऊ शकत नाहीत. ज्याचा उतारा एक टक्का कमी आहे, त्याला क्विंटलला ३,८०० च्या दराने टनामागे ३८० रुपयांची साखर कमी मिळते. तरी दर तोच जाहीर झाला, तर मधले पैसे कुणाच्या तरी वाट्याचे असतात.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची आणि चालू हंगामाचा उतारा धरण्याची मुभा दिली होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्यायालयाचा हा निकाल कारखान्यांना गैरसोयीचा ठरला, तरी मला तो योग्य वाटतो. चौदा दिवसांची मुदत ही शेतकऱ्याची एकमेव कायदेशीर ढाल आहे. ती टप्प्याटप्प्यांत विभागली की दुसरा टप्पा सगळ्यांच्या शेवटी जाऊन बसतो. रोखीची अडचण सोडवायची तर बँकेशी बोलून आणि साखरविक्रीचे नियोजन करून सोडवावी. शेतकऱ्याकडून बिनव्याजी कर्ज घेऊन ती सोडवू नये.

मात्र एफआरपीच्या वरचा दर ही वेगळी गोष्ट आहे. रंगराजन समितीने सुचवलेल्या आणि महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्याने स्वीकारलेल्या वाटणीनुसार साखर व प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा. हिशेब हंगाम संपल्यावर, प्रत्यक्ष विक्रीवरून करायचा. ही पद्धत सर्वांत न्याय्य आहे, पण तिच्या मुळाशी आकड्यांवरचा विश्वास लागतो, आणि तोच आज कमी आहे. रोज ५,००० टन काट्यावरून जाताना वजन एक टक्क्याने कमी पडले, तर ५० टन, म्हणजे शेतकऱ्यांच्या हातातले रोजचे दीड लाख रुपये गेले. बी-हेवी मळीपासून (सगळी साखर न काढता बाजूला घेतलेल्या मळीपासून) इथेनॉल केले की साखरेचा दिसणारा उतारा दीड टक्क्याच्या आसपास घटतो. ही घट एफआरपी ठरवताना पुन्हा मिळवायची असते, पण ती किती धरली हे सभासदाला समजेल अशा भाषेत क्वचितच सांगितले जाते. बाहेरच्या काट्यावर वजन करून आलेले वाहन विनातक्रार घ्यावे. रोजचा उतारा, बी-हेवीकडे वळवलेली साखर आणि काट्याच्या तपासणीची तारीख गेटवरच्या फळ्यावर लिहावी. फळा आणि खडू एवढाच खर्च, आणि संशय निम्म्याने कमी होतो.

आता हंगामाच्या लांबीकडे येऊ, कारण इथे शेतकऱ्याचे हित शेतकऱ्याच्याच विरोधात उभे राहते. प्रत्येकाला आपला ऊस वेळेत जायला हवा असतो. आडसाली ऊस नोव्हेंबर-डिसेंबरात गेला नाही तर तुरा येतो, वजन घटते, मागे गहू-हरभरा घ्यायचा तर रान मोकळे होत नाही. मार्च-एप्रिलपर्यंत ऊस उभा राहिला की तोडणी टोळी खुशाली मागते, वाहनचालक एंट्री मागतो, म्हणजे दोघेही बिलाबाहेरचे पैसे मागतात, आणि शेतकरी देतो, कारण डोळ्यांसमोर ऊस वाळत असतो. म्हणून सभेत मागणी होते, ‘गाळपक्षमता वाढवा’. अध्यक्षांना ती मागणी सोयीची वाटते. विस्तारवाढीला कर्ज मिळते, शिलान्यास होतो.

पण पाहा. क्षमता वाढली की तेवढाच ऊस लवकर संपतो आणि हंगामाचे दिवस घटतात. ५,००० टन क्षमतेचा कारखाना १५० दिवस चालला तर साडेसात लाख टन गाळतो. तोच ९० दिवस चालला तर साडेचार लाख. कायम कामगारांचे पगार, व्याज, घसारा असा स्थिर खर्च ४५ कोटी धरला, तर पहिल्या स्थितीत टनाला ६०० रुपये पडतात, दुसरीत १,०००. टनामागचे हे ४०० रुपये गेले कुणाचे? ज्यांनी लवकर तोड मागितली त्यांचेच. २०२४-२५ च्या हंगामात राज्यात २०० कारखाने चालले आणि साखर झाली ८० लाख टनांच्या आसपास. त्याआधीच्या हंगामात ती ११० लाख टन होती. अशा वर्षी वाढवलेली क्षमता ही वाढवलेले कर्ज असते, दुसरे काही नाही. तोडीचा प्रश्न तारीखवार यादीने सुटतो. लागण नोंदीच्या क्रमाने गटवार यादी गावच्या चावडीवर आणि मोबाइलवर लावावी, क्रम तोडला तर शेती अधिकाऱ्याने लेखी कारण द्यावे, खुशालीची तक्रार आली तर ती रक्कम त्या टोळीच्या बिलातून थेट शेतकऱ्याला परत जावी. हे करायला संचालकांना नातेवाइकांचा ऊसही रांगेत लावावा लागतो, म्हणून ते होत नाही.

छोट्या हंगामाची आणखी एक किंमत आहे, आणि ती देणारा माणूस सभेला येतच नाही.

ऊसतोड मजुरांत नवरा-बायको मिळून एक कोयता. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास हे लोक निघतात. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो, म्हणजे दोघांची मिळून मजुरी साधारण साडेपाचशे ते सव्वासातशे. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती एक लाख धरली, तर फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज पावणेदोन टनांप्रमाणे दीडशेच्या वर दिवस, तेही एक दिवस खाडा न करता आणि आठवड्याची खर्ची वेगळी न धरता. हंगाम चालतो नव्वद-शंभर दिवस. गणित जुळतच नाही. म्हणून उचल पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाण्यावाचून मार्ग राहत नाही. क्षमता वाढवण्याचा ठराव संमत झाला तेव्हा या कोयत्याचे पन्नास दिवस गेले, हे त्या ठरावात कुठेच लिहिलेले नसते.

कायद्याने हा मजूर कारखान्याचा नाही, असे सांगितले जाते. तोडणी-वाहतुकीसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी संस्था असते, करार वाहनमालकाशी असतो, वाहनमालकाचा मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी. प्रत्येक पायरीवर जबाबदारी एकेक करून गळत जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात आवाज उठला, सरकारने समिती नेमली. त्या प्रश्नाच्या मुळाशी खाडा होता: पाळीच्या किंवा आजारपणाच्या दिवशी काम बुडाले की उचलीवर दंड चढतो. ज्या धंद्यात बाईला खाड्याच्या भीतीने असा विचार करावा लागतो, त्या धंद्याच्या ताळेबंदात काहीतरी मुळातच चुकले आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्याने द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, अशी योजना आहे. ती चांगली आहे. पण मजुरांच्या अड्ड्यावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, पाणी, शौचालय आणि आडोसा पोचवायला महामंडळ कशाला हवे? अड्डा कारखान्याच्या हद्दीत किंवा गटात असतो.

शिवाय पैशांचे म्हणाल तर एक तुलना करून पाहण्यासारखी आहे. सभासदांना सवलतीची साखर देण्याची रीत बहुतेक सहकारी कारखान्यांत आहे. वीस हजार सभासदांना वर्षाला पन्नास किलो साखर पंधरा रुपये दराने दिली आणि बाजारभाव अडतीस असेल, तर किलोमागे तेवीस रुपये, एकूण दोन कोटी तीस लाख रुपये कारखाना सोसतो. साडेचार लाख टन गाळपावर ते टनाला ५१ रुपये पडतात. यातले कित्येक सभासद ऊसही घालत नाहीत. त्यांच्या साखरेचा बोजा ऊस घालणाऱ्यांच्या दरावर येतो. याउलट मजुरांसाठी टनामागे पंधरा रुपये बाजूला काढले तर साडेसदुसष्ट लाख उभे राहतात. हजार कोयत्यांसाठी फिरती शौचालये, पाण्याचे टँकर, सौरदिवे, एक परिचारिका आणि अपघात विमा यांची सुरुवात त्यातून होते. ५१ रुपयांना सभेत टाळ्या मिळतात, १५ रुपयांना नाही. एवढाच फरक. सवलतीची साखर बंद करा असे मी म्हणत नाही. ती फक्त ऊस घालणाऱ्यांना आणि घातलेल्या टनांच्या प्रमाणात द्या, उरलेल्यातून हे पंधरा रुपये सहज निघतात.

दुसरा मत नसलेला शेजारी म्हणजे नदीकाठची गावे. रोज ६० हजार लिटर अल्कोहोल करणारी मळीवरची डिस्टिलरी लिटरमागे आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश सोडते, म्हणजे दिवसाला पाच ते सात लाख लिटर गडद तपकिरी पाणी. नियम सांगतो की यातला थेंबही आवाराबाहेर जाऊ नये. बाष्पीभवन करून ते घट्ट करायचे आणि खास बॉयलरमध्ये जाळायचे, नाहीतर बायोगॅस काढून प्रेसमडमध्ये मुरवून खत करायचे. बिघडते कुठे, तर बाष्पीभवन संयंत्राच्या नळ्यांवर खपली धरते, सफाईसाठी ते बंद ठेवावे लागते, डिस्टिलरी मात्र इथेनॉलच्या पुरवठ्याची मुदत पाळण्यासाठी चालूच राहते. साठवण तलाव भरतो. मेमध्ये खत करायला ऊन असते पण प्रेसमड संपलेला असतो. जूनच्या पहिल्या पावसात तलावाचे पाणी ओढ्याला लागते आणि खालच्या गावात मासे तरंगतात. यावर उपाय अवघड नाही: तलावाची पातळी ठरावीक खुणेच्या वर गेली की डिस्टिलरी थांबवायची, आणि हा अधिकार उत्पादन विभागाकडे न ठेवता पर्यावरण अधिकाऱ्याकडे ठेवायचा. त्या खुणेचा फोटो रोज खालच्या ग्रामपंचायतीला जावा. दिवसभर डिस्टिलरी थांबली तर नुकसान होते, हो. पण आज ते नुकसान विहिरीचे पाणी गमावणारे सोसत आहेत.

यावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो: कारखाना शेतकऱ्याच्या भागभांडवलातून उभा राहिला, मग बाकीच्यांचा विचार कशाला? प्रवरानगरला राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून हे भांडवल शेतकऱ्याचे आहे हे खरे. पण सोबत सरकारचे भागभांडवल, सरकारची थकहमी आणि जनतेच्या ठेवींवर चालणाऱ्या सहकारी बँकांचे कर्जही त्यात आहे. थकहमीच्या पोटी सरकारला जेव्हा बँकेचे पैसे भरावे लागतात, तेव्हा ते मजुराच्याही खिशातून जातात. शिवाय मालक म्हणून शेतकऱ्याचे हित एका हंगामापुरते नसते. दुरुस्ती टाळून दर वाढवला, रोलर आणि बॉयलरच्या नळ्या बदलायच्या राहिल्या, की डिसेंबरात गिरणी बंद पडते. बारा तास बंद म्हणजे अडीच हजार टन ऊस गव्हाणीत आणि गाडीतळावर वाळतो, आणि तोडून चोवीस तासांच्या पुढे गेलेल्या उसाचा उतारा उतरतो. तो तोटा त्याच मालकाचा. राज्यातले निम्म्याच्या आसपास कारखाने आता खासगी आहेत. तिथे भागधारकाचा नफा हा आणखी एक हक्क वाढतो आणि शेतकऱ्याचे मत जाते, बाकी गणित तेच राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढची सहा वर्षे हलला नाही. त्याच काळात एफआरपी २७५ वरून ३५५ वर गेली. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन आले, काही दिवसांनी मर्यादा घालून ते सैल झाले, आणि पूर्ण मोकळीक मिळायला ऑगस्ट २०२४ उजाडला. ज्यांनी सरकारच्याच प्रोत्साहनाने कर्ज काढून डिस्टिलरी उभारली, त्यांचे हप्ते मधल्या काळात थांबले नाहीत. हा अन्याय आहे आणि त्यासाठी दिल्लीशी भांडलेच पाहिजे. परंतु दिल्लीचा निर्णय कारखान्यात किती पैसे येतील एवढेच ठरवतो. आलेले पैसे कुणाला आधी, हे संचालक मंडळच ठरवते. आणि धोरण असे लहरी आहे म्हणूनच वाईट हंगामाचा विचार आधी करून ठेवायला हवा.

त्यासाठी एक पान पुरे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या वार्षिक सभेपुढे टनाचा हिशेब तीन रकान्यांत मांडावा: गाळप आणि दर चांगले असताना, मध्यम असताना आणि वाईट असताना. वाईट रकान्यात गाळप तीस टक्के कमी, साखर क्विंटलला तीनशे रुपयांनी स्वस्त आणि इथेनॉल निम्मे धरावे. त्याखाली देण्याचा क्रम लिहावा. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम पहिली, कारण ती कारखान्याची कधीच नव्हती. मग तोडणीची मजुरी, थेट कोयत्याच्या खात्यात, कारण त्या घराकडे दुसरा आधार नाही. मग चौदा दिवसांच्या आत एफआरपी. मग पगार, बँकेचे व्याज आणि हप्ता. मग दुरुस्तीचा राखीव निधी, टनामागे ठरलेला. एफआरपीच्या वरचा दर, सवलतीची साखर, संचालकांचे दौरे आणि समारंभ या सगळ्यांच्या खाली. तुटवडा आला की खालून वर कापत यायचे. बँकेने टॅगिंगची अट मानली नाही तर या क्रमात तिची जागा प्रत्यक्षात वर सरकते. ते लपवू नये, त्याच पानावर लिहावे, म्हणजे सभासदांना कळेल की जादा दराची मागणी कुणाच्या पुढ्यातून उचलायची आहे.

या क्रमावर वाद होतील. पगार एफआरपीच्या आधी हवा, असे कामगार संघटना म्हणेल, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. एफआरपीला उशीर झाला तर निदान १५ टक्के व्याजाची तरतूद आहे, तुंबलेल्या पगारावर कारखान्यात व्याज कुणी देत नाही. मी एफआरपी वर ठेवतो ती एवढ्याचसाठी, की उसाचे बिल थकले की पुढच्या हंगामात ऊसच येत नाही आणि मग पगाराचा प्रश्नही उरत नाही. ज्या कारखान्यात पगार आधीच तीन महिने मागे आहेत, तिथे क्रम उलटा लावावा. वाद सभेत व्हावा, मतदान व्हावे आणि ठरलेला क्रम पुढच्या सभेपर्यंत बदलू नये. सभेच्या नोटिशीत हा विषय अहवालवाचनाच्या आधी ठेवावा, ऊसतोड मजुरांचे आणि खालच्या गावांचे दोन-दोन प्रतिनिधी निमंत्रित म्हणून बसवावेत, आणि त्यांना बोलायला वेळ द्यावा. त्यांना मत देण्याची तरतूद कायद्यात नाही. पण आपल्या वाट्याचा रकाना वाचून दाखवायला त्यांना कोणता कायदा अडवतो?